घुमट आरतीचा 1 जीबीचा व्हिडिओ ईमेलमध्ये कसा बसवायचा

मागच्या चवथीला गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या पोरांनी घुमट आरती म्हटली, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणतात ती आरती, ती माझ्या भाच्याने त्याच्या नव्या फोनवर घेतली, सहा मिनिटं आणि वर थोडे सेकंद, 4के मध्ये, आणि फाइल झाली 1 जीबीच्या वर. पोरं दोन महिने रोज संध्याकाळी देवळाच्या मंडपात बसून सराव करत होती, सगळ्यात लहान तो कासाळें, म्हणजे झांजा, वाजवणारा, दहा वर्षांचा. एका स्पर्धेसाठी तीन मिनिटांची क्लिप ईमेलला जोडून पाठवायची होती, 20 एमबीच्या आत. शेवटच्या दिवशी रात्री आम्ही लॅपटॉप उघडून बसलो आणि काही केल्या ते जाईना. आधी झिप करून बघितलं, काहीच फरक नाही. मग कुठल्यातरी ऑनलाइन साइटवर टाकलं, तिथे 1 जीबी अपलोड होता होता लाइट गेली. शेवटी ड्राइव्हची लिंक पाठवली, पण ती सगळ्यांना उघडेल अशी करायची असते हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे परीक्षकांना ती उघडलीच नाही आणि प्रवेशिका धरली गेली नाही. पोरांना ते सांगताना मला जे वाटलं ते अजून मनातून जात नाही. म्हणून मग बसून नीट शिकले, आणि जे शिकले ते इथे सगळं लिहितेय, कारण आपल्याकडे फुगडीचं पथक असो, भजनी मंडळ असो, माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळापानांची सजावट बांधतात तिची, स्पर्धा असो, नाटकाची तालीम असो, हल्ली सगळ्यांनाच व्हिडिओ पाठवावे लागतात.

पहिली गोष्ट, अ‍ॅप शोधत बसायच्या आधी हिशोब करा. अगदी चौथीतला हिशोब आहे. फाइलचं वजन म्हणजे बिटरेट गुणिले वेळ, बस. बिटरेट म्हणजे एका सेकंदाला किती डेटा खर्च होतो तो आकडा, तो बहुतेक केबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट, असा लिहिलेला असतो. चित्र मोठं आहे की लहान, फोन महागडा आहे की साधा, त्याचा फाइलच्या वजनाशी थेट संबंध नाही, शेवटी बिटरेट आणि सेकंद हे दोनच आकडे वजन ठरवतात.

आता मर्यादा किती धरायची? जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, पण म्हणून 25 ची फाइल बनवू नका. ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेली गोष्ट, त्यातून फोटो-व्हिडिओ जाऊ लागले ते माइम नावाची पद्धत आली तेव्हा, 1992 च्या सुमारास, आणि त्यात फाइलचं अक्षरांत रूपांतर करून पाठवतात. तीन बाइटची चार अक्षरं होतात. म्हणजे तुमची 18 एमबीची फाइल रस्त्यावर निघाली की 24-25 एमबीची झालेली असते. तुमच्या बाजूने गेली तरी समोरच्याचा सर्व्हर ती परत पाठवू शकतो, आणि ऑफिसांच्या मेलबॉक्सची मर्यादा तर कितीतरी वेळा 10 एमबीच असते. मी सरळ 18 एमबी धरून चालते. समोरून 10 सांगितलं असेल तर 7.

तर एका बाइटचे आठ बिट, म्हणून 18 एमबी म्हणजे 18 गुणिले 8, 144 मेगाबिट, म्हणजे 1,44,000 किलोबिट. याला सेकंदांनी भागा. एक मिनिटाचा व्हिडिओ असेल तर 2400 केबीपीएस मिळतात, मस्त चित्र येतं. दोन मिनिटांना 1200, चांगलं. तीन मिनिटांना 800, जमतं पण चित्र लहान करावं लागतं. पाच मिनिटांना 480, ओढूनताणून. दहा मिनिटांना 240, आणि इथे मी सांगेन की नादच सोडा, लिंक पाठवा, कारण पोरांचे चेहरे ओळखू येणार नाहीत. हा आकडा एकदा कागदावर लिहून ठेवला की पुढचं सगळं काम सोपं होतं, नाहीतर माणूस रात्रभर वेगवेगळी बटणं दाबत बसतो, 40 एमबी झालं, 31 झालं, 27 झालं असं करत. आम्ही नेमकं तेच केलं.

झिपने का होत नाही तेही सांगते, कारण आमच्या वाड्यावर अजून सगळे आधी तेच करतात. फोन व्हिडिओ घेतानाच तो दाबून घेतो. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक चित्रं, त्यांना फ्रेम म्हणतात, आणि सलग दोन फ्रेममध्ये जे बदललं नाही ते परत साठवत नाही, बदललं तेवढंच लिहितो. एकदा पिळून झालेल्या कपड्यातून झिपला पिळायला पाणी उरत नाही. लहान करायचं तर काहीतरी खरंच टाकून द्यावं लागतं आणि काय टाकायचं ते तुम्ही ठरवायचं.

माझा क्रम असा आहे, आणि हा क्रम बदलू नका असं मी आग्रहाने सांगते: आधी वेळ कापा, मग चित्राचा आकार कमी करा, मग फ्रेम कमी करा, आणि आवाजाला शेवटपर्यंत हात लावू नका.

वेळ आधी का, तर त्यात दर्जा अजिबात जात नाही. आमच्या सहा मिनिटांत पहिलं दीड मिनिट समई सरळ करणं, कुणीतरी पाट सरकवणं, आजोबा 'अरे तो पंखा बंद कर' म्हणतात ते, असंच होतं. घरच्यांसाठी ते सोनं आहे, स्पर्धेसाठी नको. फोनच्या गॅलरीतच एडिट मध्ये जाऊन दोन्ही टोकं ओढून कापता येतं, फक्त सेव्ह करताना कॉपी म्हणून सेव्ह करा, मूळ फाइलवर नको. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चित्राला धक्का न लावता नुसतं कापतं आणि काही सेकंदांत काम करतं, कापण्याची जागा अर्धा-एक सेकंद इकडेतिकडे होऊ शकते एवढंच.

मग आकार. 4के चं एक चित्र 3840 बाय 2160, म्हणजे 80 लाखांहून जास्त ठिपके. 1080पी मध्ये वीस लाखांच्या आसपास, 720पी मध्ये साडेनऊ लाखांच्या आत. म्हणजे 4के मध्ये 720पी च्या नऊपट ठिपके आहेत, आणि परीक्षक तो व्हिडिओ लॅपटॉपवर एका कोपऱ्यात बघणार. 800 केबीपीएस जर नऊपट ठिपक्यांत वाटायला गेलात तर प्रत्येकाच्या वाट्याला काहीच येत नाही, सगळीकडे चौकोन चौकोन दिसतात. त्यापेक्षा लहान पण स्वच्छ चित्र कधीही चांगलं. एक-दोन मिनिटांना 720पी, तीन मिनिटांना 540पी, पाच मिनिटांना 480पी किंवा त्याहून खाली, असं मी धरते.

फ्रेमचं थोडक्यात: फोन सेकंदाला 60 फ्रेमवर लावलेला असेल तर 30 करा. फुगडीतसुद्धा 30 पुरतात.

आणि आवाज. इथे मला थोडं जास्त बोलायचं आहे. बहुतेक ठिकाणी सांगतात की आवाजाचा बिटरेट कमी करा, 64 वर आणा. कुणी नुसतं बोलत असेल तर चालेल ते. पण घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं, पूर्वी घोरपडीचं असायचं आता बकऱ्याचं असतं, आणि उघड्या तोंडावर डाव्या हाताचा तळवा ठेवून तो जो दमदार आवाज काढतात ना, तोच त्याचा जीव. 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं ते काही उगीच नाही. त्यात शामेळाची, म्हणजे जोडीच्या तालवाद्याची, काठी आणि कासाळ्यांचा खणखणाट. हे सगळे अचानक येणारे, धारदार आवाज, आणि कमी बिटरेटवर नेमके तेच आधी बिघडतात, कासाळें पाण्यात बुडवून वाजवल्यासारखं ऐकू येतं. तीन मिनिटांच्या 800 मधले 128 आवाजाला द्या, चित्राला 650 ठेवा, उरलेले थोडे तसेच सोडा, फाइलचं स्वतःचं वेष्टन असतं त्याला लागतात. अगदीच जागा कमी पडली तर आवाज मोनो करा आणि 96 वर ठेवा. स्टिरिओ 64 पेक्षा मोनो 96 कितीतरी भरीव ऐकू येतं, कारण सगळे बिट एकाच चॅनेलला मिळतात. भजनालाही हेच लागू, पखवाज आणि टाळ असले की आवाजात काटकसर नको.

आता प्रत्यक्ष काम. कॉम्प्युटर असेल तर हँडब्रेक नावाचं व्हिडिओ लहान करायचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, 2003 पासून चालू आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, तसल्याच नावाने भलतं काहीतरी देणाऱ्या साइट फिरत असतात.

फोनमधून कॉम्प्युटरवर फाइल घेताना केबल लावा. व्हॉट्सअ‍ॅपने घ्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर व्हॉट्सअ‍ॅप आधीच तो दाबतो आणि मग तुम्ही दाबलेल्याला परत दाबता, दोन्ही वेळचं नुकसान एकात जमा होतं. कायम मूळ फाइलवरूनच काम करा, आणि मूळ फाइल कधीही डिलीट करू नका, पेनड्राइव्हवर टाका, आणखी कुणाकडे तरी द्या. पंधरा वर्षांनी ती पोरं मोठी होतील तेव्हा 18 एमबीवाली कुणाला बघायची नसते.

हँडब्रेक उघडून त्यात फाइल ओढून टाका. प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंग असतात तिथे, फास्ट 720पी30 निवडा, ही फक्त सुरुवात म्हणून, बाकी आपण बदलणार आहोत. समरीमध्ये फॉरमॅट एमपी4 आहे ना बघा. वर रेंज म्हणून आहे तिथे सेकंद निवडलं तर कुठून कुठपर्यंत हवं ते इथेच देता येतं, म्हणजे कापायचं काम वेगळं करायची गरज नाही. डायमेन्शन्समध्ये जाऊन तीन मिनिटांसाठी 960 बाय 540 करा, उभा व्हिडिओ असेल तर उलटं.

मग व्हिडिओचा टॅब, खरी मेख इथे आहे. एन्कोडर म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबायचा ते, तो एच.264 ठेवा. एच.265 मध्ये त्याच वजनात चित्र जास्त चांगलं येतं हे खरं आहे, ते 2013 चं आहे आणि एच.264 आहे 2003 चं, दहा वर्षांचा फरक दिसतोच, पण समोर जुना कॉम्प्युटर असेल तर नुसता आवाज येतो आणि चित्र काळं, आणि समोरचा काही तुम्हाला फोन करून सांगत बसत नाही. स्पर्धा, ऑफिस, वयस्कर नातेवाईक यांना पाठवताना एच.264 च. घरातल्या घरात काहीही चालेल.

तिथेच क्वालिटीखाली दोन पर्याय आहेत. एक कॉन्स्टंट क्वालिटी, आरएफ 22 वगैरे असा आकडा असतो, त्यात दर्जा सारखा राहतो पण फाइल केवढी होईल ते आधी कळत नाही. आपल्याला वजन ठरलेलं हवं म्हणून दुसरा पर्याय, अ‍ॅव्हरेज बिटरेट, तिथे आपला कागदावरचा आकडा टाका, 650. खाली मल्टी-पास एन्कोडिंग आहे, जुन्या आवृत्तीत टू-पास म्हणतात, ते टिक करा. मग ते एकदा पूर्ण व्हिडिओ नुसता तपासून बघतं कुठे हालचाल जास्त आहे, आणि दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट देतं, शांत जागी कमी. वेळ दुप्पट लागतो पण कमी बिटरेटला फरक डोळ्यांना दिसतो. एन्कोडर प्रीसेट स्लोवर ढकला, तेही त्याचसाठी. फ्रेमरेट 30, आणि कॉन्स्टंट निवडा, फोनचे व्हिडिओ बऱ्याचदा कमीजास्त फ्रेमरेटचे असतात आणि मग हात घुमटावर पडतो एकदा आणि आवाज येतो नंतर, असं व्हायची शक्यता असते. शेवटी ऑडिओमध्ये एएसी, 128. नवीन नाव द्या, मूळ नावावर सेव्ह करू नका, आणि स्टार्ट एन्कोड. माझ्या जुन्या लॅपटॉपवर 4के ची तीन मिनिटं व्हायला चहा करून पिऊन होतो, चार्जर लावून ठेवा.

एवढं सगळं नको वाटत असेल तर प्रीसेटमध्येच वेब नावाच्या गटात ठराविक वजनासाठीचे तयार प्रीसेट असतात, नावातच किती मिनिटांसाठी ते लिहिलेलं असतं. पण आवाज तपासा, आणि फाइल आपल्या 18 एमबीच्या आत बसली का तेही.

मॅकवर असाल तर क्विकटाइम प्लेयरमध्येच एक्सपोर्ट अ‍ॅज आहे, 480पी, 720पी वगैरे, बिटरेट मात्र तो स्वतः ठरवतो, त्यामुळे लहान क्लिपलाच बरं. विंडोज 11 मध्ये क्लिपचॅम्प असतं, त्याचंही तसंच.

कॉम्प्युटरच नाही, फोनच आहे? आपल्याकडे बऱ्याच जणांचं असंच आहे. मग गॅलरीत कापा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा, मेसेज युअरसेल्फ आहे ना तिथे, नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून. पाठवताना एचडीचं बटण दाबलं तर थोडं मोठं चित्र राहतं, नाही दाबलं तर बरंच लहान होतं. मग तो व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेला व्हिडिओ उघडून ईमेलला शेअर करा. माझ्या मते हा दुसऱ्या नंबरचा मार्ग, आवाजावर तुमचा ताबा राहत नाही, पण अगदी दारात वेळ आली असेल तर कामाला येतो.

ऑनलाइन कॉम्प्रेस करणाऱ्या साइटच्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर त्यासाठी आधी मोठी फाइलच अपलोड करावी लागते. 1 एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर 1 जीबी चढायला सव्वादोन तास, आणि सत्तरीत किंवा सांग्याच्या आतल्या गावात भर पावसात सव्वादोन तास रेंज आणि लाइट दोन्ही टिकली तर नशीब. हीच 18 एमबीची फाइल अडीच मिनिटांत जाते. दुसरं म्हणजे घरातला व्हिडिओ, त्यात लहान मुलं, देवघर, घराचा आतला भाग, ते अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर का ठेवायचं?

आता एक असं सांगते जे मला कुणी सांगितलं नव्हतं. फाइल किती चांगली लहान होणार ते तुम्ही शूटिंग करतानाच ठरतं. मघाशी म्हटलं तसं, बदललं तेवढंच साठवलं जातं. मंगेशीच्या दीपस्तंभाचा स्थिर फोनवर घेतलेला व्हिडिओ कमी बिटरेटमध्येसुद्धा छान राहतो, आणि दूधसागरचा व्हिडिओ, जिथे पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सारखा हलतोय, तो तेवढ्याच बिटरेटला पांढऱ्या लगद्यासारखा होतो. म्हणून फोन हातात धरू नका. ट्रायपॉड नसेल तर खांबाला टेकवा, तांदळाच्या डब्यावर पुस्तकं रचून ठेवा, काहीही करा पण फोन हलू देऊ नका. हात हलला की मागची भिंतसुद्धा व्हिडिओ दाबणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हलते आणि पोरांच्या चेहऱ्याचे बिट भिंतीवर जातात. मागे माडाची झावळं हलत असतील तर दुसरी बाजू बघा. आणि उजेड. समईच्या उजेडात सुंदर दिसतं आपल्या डोळ्यांना, फोनला मात्र अंधारात सगळीकडे बारीक दाणे दिसतात, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे, आणि तेही बदल म्हणून साठवले जातात. स्पर्धेचं शूटिंग असेल तर ट्यूबलाइट लावा. शूटिंग होऊन गेलं असेल आणि दाणे असतील तर हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीनॉइज आहे, ते लाइटवर ठेवून बघा.

शिवाय ईमेलसाठीच घेत असाल तर 4के घेऊच नका. आयफोनवर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे गेलं की एका मिनिटाला किती एमबी ते लिहिलेलंच असतं, 1080पी 30 ला साधारण 60 आणि 4के 30 ला साधारण 170. तिप्पट फरक. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन बदलता येतं. चवथीच्या आदल्या दिवशीच बदलून ठेवा, आरती सुरू झाल्यावर कुणाला आठवत नाही.

लिंकचं राहिलं. पाच मिनिटांच्या वर असेल आणि लिंक चालत असेल तर गूगल ड्राइव्ह वापरा, फुकट 15 जीबी मिळतात, पण त्यात तुमचं जीमेल आणि फोटोही मोजले जातात. शेअरवर जाऊन जनरल अ‍ॅक्सेस आहे तिथे रिस्ट्रिक्टेड काढून एनीवन विथ द लिंक करा. हे एवढं एक बटण आम्ही दाबलं नव्हतं. दाबल्यावर ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडून त्यात ती लिंक टाकून बघा, तिथे व्हिडिओ चालला तर तो सगळ्यांना चालेल. जीमेलमध्ये 25 एमबीच्या वरची फाइल जोडलीत तर ते स्वतःहूनच ड्राइव्हची लिंक बनवतं, म्हणजे तुम्हाला वाटतं फाइल गेली पण गेलेली असते लिंक, आणि नियमात 'जोडून पाठवा' असं असेल तर गोंधळ होतो, तेवढं बघून घ्या. आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये मेल ड्रॉप आहे, 5 जीबीपर्यंत, पण ती लिंक 30 दिवसांनी बंद पडते, निकाल दोन महिन्यांनी असेल तर उपयोग नाही.

पाठवायच्या आधी तयार फाइल एकदा शेवटपर्यंत बघा, इअरफोन लावून. मग घरातल्याच दुसऱ्या कुणाच्या तरी ईमेलवर पाठवा आणि त्यांच्या फोनवर उघडून चालवा. आवाज आणि हात बरोबर पडतात का बघा, शेवटची 'मोरया' कापली गेली नाही ना बघा. या वर्षी आम्ही चार दिवस आधी पाठवली, तीन मिनिटं, 540पी, 17.6 एमबी, आणि पोच आल्याचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं, ते मी मंडपात जाऊन पोरांना मोठ्याने वाचून दाखवलं.